हिडी की होडी

आमच्या घरात भाकरी थापल्याचा आणि थोबाडीत बसल्याचा आवाज सारखाच यायचा. हे मी गमतीनं म्हणत नाही. रेल्वे लाइनीमागची ती दोन-दोन खोल्यांची घरं, मधल्या भिंती अर्ध्या विटेच्या, पलीकडे कुणी शिंकलं तरी इकडे कळायचं. शेजारच्या काकू दारात येऊन अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, विचारायच्या, "आज लवकर टाकल्या का वो भाकऱ्या?" अव्वा "व्हय की" म्हणून मोकळी व्हायची. चूल तेव्हा पेटलेलीही नसायची. माझा धाकटा भाऊ सिद्धू परातीशेजारी गाल धरून बसलेला असायचा आणि अप्पा मोरीत हात धूत असायचे. मारून झालं की हात धुवायचे, अशी त्यांची सवय होती. का धुवायचे ते मला कधी कळलं नाही आणि विचारायची छाती नव्हती.

घरात कानडी, दाराबाहेर मराठी, असा आमचा कारभार. अप्पा मूळचे अक्कलकोटकडचे. मागच्या गल्लीत सगळे विणकर, त्यांच्या घरात तेलुगू आणि दिवसभर मागांची खटखट. त्या खटखटीवर शंटिंगच्या इंजिनाची शिट्टी, आणि सगळ्यांच्या वर गिरणीचा भोंगा. भोंगा वाजू लागला की बोलणारा माणूस तोंड उघडं ठेवून थांबायचा आणि भोंगा संपला की तिथूनच पुढे बोलायला लागायचा. पुढे मी बार्शीच्या शाळेत मराठी शिकवलं आणि पोरांच्या वह्यांतल्या वेलांट्या, काने, मात्रा तपासण्यात जन्म घालवला. एखादं आगाऊ पोर विचारायचं, "बाई, एक वेलांटी चुकली तर असं काय बिघडतं?" मी त्याला नुसती वही परत द्यायची. काय बिघडतं ते वर्गात सांगण्यासारखं नव्हतं. आता वय झालं, लाज कमी झाली, म्हणून सांगते.

अप्पा रेल्वेत फिटर होते, पण सगळी लाइन त्यांना मॅनेजर म्हणायची. गावाकडून कुणी नातेवाईक आला की त्याला वाटायचं मल्लाप्पा रेल्वेचा मॅनेजर झाला. मग तो पोराला चिकटवा म्हणून गळ घालायचा. अप्पा खरं काय ते सांगायचे नाहीत. "बघू की" म्हणायचे आणि मिशीवरून हात फिरवायचे. ते मॅनेजर होते आमच्या लाइन बॉईजचे. हा फुटबॉलचा संघ. क्रिकेटनं सगळं गिळायच्या आधी सोलापुरात रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या पोरांना फुटबॉलचं वेड होतं, हे आता सांगितलं तर लोक माझ्याकडे म्हातारी काहीही बोलते अशा नजरेनं बघतात. अप्पा तरुणपणी अनवाणी खेळायचे. सेंटर फॉरवर्ड. खेळण्यावरच त्यांना रेल्वेनं घेतलं. एका सामन्यात ते पडलेले असताना कुणीतरी त्यांच्या गुडघ्यावर मुद्दाम पाय दिला आणि खेळ संपला. तो पाय कुणाचा होता ते त्यांना ठाऊक होतं, पण नाव त्यांनी कधी घेतलं नाही. त्यानंतर ते मॅनेजर झाले, म्हणजे रेषेबाहेर उभं राहून ओरडू लागले.

त्यांची शिकवण म्हणजे मार. पहाटे पोरांना ओळीत उभं करायचे, कातडी चेंडू पाण्यात भिजवून जड करायचे आणि हाताच्या अंतरावरून एकेकाच्या पोटावर हाणायचे. ज्यानं तोंड फिरवलं त्याच्या पोटरीवर लिंबाची ओली काठी. पोरं ओकायची आणि पुन्हा ओळीत यायची. "दुखतंय तंवर जित्ता हाय," असं अप्पा म्हणायचे. पोरांना ते आवडायचंही, हे मला तेव्हाही कळायचं नाही आणि आजही पटत नाही. अंगावरचे वळ एकमेकांना दाखवत ती आमच्या अंगणात यायची आणि अव्वाच्या हातचं हुलग्याचं माडगं प्यायची. सामन्याच्या दिवशी माडगं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, दुसरं काही नाही. चटणी उखळात मी कुटायची. उखळाचा ठोका आणि अप्पांचा आवाज या दोन गोष्टींवर आमची सकाळ सुरू व्हायची.

मैदानावर अप्पा मराठीत बोलायचे नाहीत. समोरच्यांना कळू नये म्हणून हुकूम कानडीत. शब्द तीनच. हिडी म्हणजे धर, म्हणजे समोरच्या खेळाडूला चिकटून रहा, सोडू नको. बिडू म्हणजे सोड. आणि होडी म्हणजे मार, चेंडू हाण. संघात मुसलमान पोरं होती, मराठ्यांची होती, विणकरांची होती, पण हे तीन शब्द सगळ्यांना पाठ. आमच्या घरात मात्र यातला एकच चालायचा. "होडितीनि नोड," म्हणजे मारीन बघ. हे वाक्य मी आई-बाप हे शब्द बोलायच्या आधी शिकले असेन.

मागच्या गल्लीतल्या नरसय्यांचा व्यंकटी हा सिद्धूचा जिवाचा दोस्त. नरसय्यांच्या घरात दोन माग होते आणि चादरींच्या सुताचा वास. व्यंकटी लहानपणापासून आमच्याच चुलीजवळ वाढला. आमची कानडी त्याला आमच्याइतकी यायची, शिव्यांसकट. अव्वाला अव्वा म्हणायचा, मला अक्का. खेळायला लागला की तो वेगळाच कुणी व्हायचा. डाव्या पायाचा होता. चेंडू घेऊन माणसाच्या अंगाजवळून जायचा आणि जाताना हसायचा. त्या हसण्याचाच राग यायचा लोकांना. अप्पांनी त्याला दहाव्या वर्षापासून घडवला, मारूनच, आणि तो मिसरूड फुटायच्या वयात आला तेव्हा गिरणीनं त्याला बदली कामगार म्हणून घेतलं आणि आपल्या संघात उतरवलं. नरसय्यांना पोराची नोकरी हवी होती, त्यात काय चुकलं? पण अप्पांनी ते असं घेतलं की जणू घरातलं कुणीतरी पळवून नेलं. त्या दिवशी सिद्धूनं विनाकारण मार खाल्ला. व्यंकटीला मारता येत नव्हतं म्हणून.

त्या वर्षी शील्ड स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात गिरणी आणि लाइन बॉईज समोरासमोर आले. व्यंकटीला कोण धरणार, हा प्रश्नच नव्हता. सिद्धू हाफबॅक खेळायचा आणि व्यंकटीची प्रत्येक खोड त्याला माहीत होती. अप्पांनी अंगणात चिंचोके मांडून त्याला समजावलं, "त्यो हिकडनं आला की तू हितं. चेंडूकडं बगू नगं. त्येच्या कमरंकडं बग. हिडी म्हनलं की चिटकायचं." सिद्धू मान डोलवत होता. आठवड्याभरानं त्याला रेल्वेत शिकाऊ म्हणून रुजू व्हायचं होतं, साहेब लोक सामना बघायला येणार होते, आणि अप्पांच्या तोंडावर पोराच्या नोकरीपेक्षा शील्डची काळजी जास्त दिसत होती.

मैदान गिरणीच्या मागं. काळी जमीन, उन्हानं भेगाळलेली, फक्की मारलेल्या रेषा अर्ध्या पुसलेल्या. मी रेषेजवळ अप्पांच्या शेजारी लिंबूपाण्याची बादली घेऊन उभी होते. मोठी मुलगी मैदानात कशाला, असं लोक बोलायचे, पण बादली उचलायला दुसरं कुणी नव्हतं आणि मला खेळ कळायचा, हे अप्पांना मान्य होतं. सामना सुरू झाला तसा तो खेळ राहिला नाही. पहिल्या काही मिनिटांतच कोपरं चालायला लागली. आमच्या एकाच्या नाकातून रक्त आलं, त्यांच्या एकाचा ओठ फाटला. शिट्टी मारणाऱ्या बिचाऱ्याला दोन्ही बाजू आईवरून बोलत होत्या. आणि त्या सगळ्या मारामारीतून व्यंकटी चेंडू घेऊन सिद्धूच्या अंगाजवळून गेला, हसला आणि गोल केला.

मधल्या सुट्टीत सिद्धू पाणी प्यायला आला. मी तांब्या पुढं केला. तो तोंडाला लावायच्या आत अप्पांनी त्याच्या कानाखाली ओढली. सगळ्या मैदानासमोर. तांब्या माझ्या पायावर पडला. साहेब लोकांच्या खुर्च्यांतून कुणीतरी हसलं. अप्पा हळू आवाजात म्हणाले, "आनि एकदा त्यो तुज्या बाजूनं ग्येला, तर घरला यायचं न्हाय." सिद्धूनं पाणी न पिता तोंड पुसलं आणि मैदानात गेला. त्याच्या गालावर चार बोटं उमटली होती. ती घेऊनच तो पुढं खेळला.

पुढचं मी आयुष्यभर परत परत ऐकत आले आहे. बघत आले असं म्हणत नाही, कारण ते ऐकण्याचंच होतं. खेळ संपत आला होता. व्यंकटी आमच्या बाजूच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघाला. सिद्धू त्याच्या मागं. अप्पा रेषेवर वाकले, हाताचा कर्णा केला आणि ओरडले. त्याच क्षणी गिरणीचा भोंगा सुरू झाला. मी अप्पांच्या हाताएवढ्या अंतरावर होते. अप्पा ओरडले, "हिडी! हिडी अवन्न!" धर, धर त्याला. मला स्पष्ट ऐकू आलं. पण भोंग्यानं पहिलं अक्षर गिळलं, आणि मैदानात फक्त "डी... डी अवन्न" एवढंच पोचलं असणार. सिद्धूनं एकदा आमच्याकडं पाहिलं. मग त्यानं पाय उचलला आणि व्यंकटीच्या गुडघ्यावर घातला. चेंडू कुठल्या कुठं होता. वाळलेली तुरकाठी मोडावी तसा आवाज झाला, तो भोंग्यातूनही आला. व्यंकटी पडला. त्याचा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला होता.

भोंगा म्हणजे पाळी सुटण्याची वेळ. गिरणीच्या दारातून कामगारांचा लोंढा बाहेर पडला तो थेट मैदानात. त्यांचा पोरगा पडलेला, आमचा त्याच्यावर उभा. पुढं कुणी कुणाला विचारलं नाही. कोपऱ्यातल्या निशाणांचे बांबू उपटले गेले, सायकलींचे पंप, डबे, दगड, हाताला येईल ते. आमची पोरं मारत होती आणि मार खात होती. सिद्धू मात्र हलला नाही. तो तसाच उभा होता, स्वतःच्या पायाकडं बघत. पहिला बांबू त्याच्या खांद्यावर बसला आणि तो गुडघ्यावर आला. तेव्हा मी अप्पांना धावताना पाहिलं. त्या मोडक्या गुडघ्यानिशी ते एखाद्या पोरासारखे धावले, गर्दीत घुसले आणि सिद्धूच्या अंगावर पडले. पालथे, पूर्ण झाकून. हातांनी त्याचं डोकं कवटाळून. मग सगळे फटके त्यांच्या पाठीवर पडू लागले.

मीही घुसले. बादली एकाच्या तोंडावर मारली. दुसऱ्यानं वेणी धरली तेव्हा त्याच्या मनगटाला चावले, रक्ताची चव येईपर्यंत. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. मी अप्पांच्या इतकी जवळ पोचले की खालून सिद्धूचा आवाज ऐकू आला. डोळे गच्च मिटलेले होते त्याचे. वरून फटके पडताहेत, अंगावर बापाचं ओझं आहे, आणि तो ओरडतोय, "मारू नका अप्पा! चुकलो अप्पा! मारू नका!" अप्पा त्याच्या कानात काहीतरी सांगत होते. पण प्रत्येक फटक्याला त्यांचं अंग दचकायचं, आणि खाली सिद्धू पुन्हा तेच ओरडायचा. मग पोलिस आले आणि त्यांनी दोन्ही बाजूंना लाठ्यांनी सारखंच धुतलं.

अप्पांच्या दोन बरगड्या गेल्या, डोक्याला टाके पडले. ते खाटेवर होते आणि सिद्धू खाटेखाली बसलेला. व्यंकटी सरकारी दवाखान्यात, मांडीपर्यंत प्लास्टर. अव्वा डब्यात माडगं घेऊन नरसय्यांच्या घरी गेली. व्यंकटीच्या आईनं डबा घेतला, तिच्या समोरच गटारात ओतला, धुतला आणि परत दिला. अव्वा घरी येऊन तो डबा पुन्हा घासत बसली, इतका वेळ की मी तिच्या हातातून काढून घेतला.

नरसय्या पोलिसात जाणार होते आणि ते बरोबरच होतं. सामना भरवणाऱ्या मंडळींनी त्यांना थोपवलं, आधी आम्ही विचारपूस करतो म्हणाले. गावभर एकच प्रश्न होता, मॅनेजर काय ओरडला? धर म्हणाला असेल, तर सिद्धूनं स्वतःच्या मनानं दोस्ताचा पाय मोडला. मग पोलिस केस, रेल्वेची नोकरी गेली आणि कदाचित तुरुंग. मार म्हणाला असेल, तर दोष मॅनेजरचा. अप्पा खाटेवरून येईल त्याला सांगत होते, "मी हिडी म्हनलो. द्येवाशपथ हिडी म्हनलो." आणि ते खरं होतं. पण कुणाचाही विश्वास बसत नव्हता. मी पाण्याच्या नळावर सांगितलं, अप्पा हिडीच म्हणाले, मी शेजारी होते. बायका म्हणाल्या, लेक दुसरं काय बोलणार. आणि मला तेव्हा कळलं नाही की मी ते जितक्या जोरानं सांगत होते तितका सिद्धूचा गळा आवळत होते. ते अव्वाला कळलं. तिनं मला घरात ओढलं आणि म्हणाली, "गप बस. तू एकाला वाचिवतीस आन् एकाला मारतीस."

विचारपूस एका शाळेच्या वर्गात झाली, रविवारी. आम्ही बायका बाहेर खिडकीशी. आत पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. मधे एक वकीलसाहेब, पुण्याकडचे, नुकतेच सोलापुरात आलेले, शुद्ध बोलणारे. कुणीतरी त्यांना सांगितलं, मॅनेजर होडी म्हणाला की हिडी, हा वाद आहे. साहेब गोंधळले. "होडी? मैदानात होडी कुठून आली? पाणी होतं का तिथे?" सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरचे पोट धरून हसले. नरसय्या हसले नाहीत. ते म्हणाले, "साहेब, माझ्या पोराचा पाय गेला. तुमी हसा."

अप्पा भिंतीला धरून उठले आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. हिडी म्हणालो. धर म्हणालो. मग साहेबांनी सिद्धूला विचारलं, "वडील धर म्हणाले असतील तर तू मारलंस का?" सिद्धू खाली बघत होता. त्याच्या गालावरची बोटं आता निळी पडली होती. तो बोलायला लागला तेव्हा आवाज इतका बारीक होता की खिडकीबाहेर आम्ही गजांना कान लावले.

"भोंगा वाजत हुता. मला नुसतं 'डी' ऐकू आलं, पयलं अक्षर आलंच न्हाय. अप्पा वरडत्यात म्हंजे होडीच की, साहेब." मग त्यानं पहिल्यांदा अप्पांकडं पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, तो खरोखरच विचारत होता. "अप्पा, आजवर तुमी घरात मला कवा हिडी म्हनलाय?"

अप्पांचं तोंड उघडलं. भोंग्याच्या वेळी उघडं राहायचं तसं ते उघडंच राहिलं. इतक्या वर्षांनी मला वाटतं, गुडघा मोडला तेव्हाही त्यांना एवढं लागलं नसेल. मैदानात पुसलेलं ते अक्षर सिद्धूनं स्वतःच्या पाठीवरून वाचलं होतं आणि तिथं दुसरं काही लिहिलेलंच नव्हतं. मला अप्पांची कीव आली आणि त्याच वेळी वाटलं, बरं झालं, एकदा तरी ऐका. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहिते.

अप्पांनी भिंत सोडली. सरळ उभे राहिले, बरगड्या धरून. म्हणाले, "व्हय. होडीच म्हनलो मी. पाय मोड म्हनून सांगितलं. पोरगं माज्या भ्यानं वागलं. काय करायचं त्ये मला करा."

आणि गंमत बघा, हे सगळ्यांना लगेच पटलं. इतके दिवस खरं सांगत होते तर एक माणूस मानायला तयार नव्हता. खोटं बोलले आणि अख्ख्या वर्गानं मान डोलवली. बघा, म्हटलं नव्हतं का! अप्पांना पोरांवर हात उचलताना सगळ्यांनीच पाहिलं होतं. नरसय्या सिद्धूकडं बघून म्हणाले, "पोराला सोडा. माझा पोरगा पण माझंच ऐकतो." अप्पांना सगळ्या मैदानांवर कायमची बंदी झाली. पोलिसांनी त्यांना चौकीत नेलं, समज देऊन सोडलं. समज कशी दिली ते त्यांच्या अंगावर होतं. बरेच दिवस ते पालथे झोपायचे आणि अव्वा हळद लावायची. त्या पाठीवर कुणाचा वळ कुठला, गिरणीवाल्यांचा की पोलिसांचा, ओळखू येत नव्हतं. सिद्धू ठरल्याप्रमाणे रेल्वेत रुजू झाला. घरातून निघताना तो अप्पांच्या पाया पडला आणि अप्पांनी पाय मागं घेतले.

त्यानंतर त्यांनी कधी हात उचलला नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. उचलला. मिठावरून अव्वावर उचलला, मी शिक्षिका व्हायचं म्हणाले तेव्हा माझ्यावरही. माणूस असा एका दुपारीत बदलत नाही, आणि मला तसं भासवायचं नाही. एक मात्र झालं. सिद्धूशी ते पुन्हा कधी कानडी बोलले नाहीत. "धर", "सोड", "हिकडं ये", सगळं मराठीत. आणि सिद्धू प्रत्येक वेळी विचारायचा, "काय म्हणालात?" ऐकू आलं असलं तरी विचारायचा. अप्पा निमूट दुसऱ्यांदा सांगायचे. बापलेकांचं सगळं बोलणं पुढं वर्षानुवर्षं असं दोनदा चाललं.

व्यंकटीचा पाय आखूड राहिला. पाय जमिनीला टेकायला लागला तसा तो काठी घेऊन आमच्या अंगणात आला आणि अप्पांना म्हणाला, "अप्पा, लाइनीच्या पोरांना कुणी बघणारा न्हाय. मला शिकवा, मी बघतो." अप्पा आत निघून गेले. अव्वानं त्याच्यापुढं माडगं ठेवलं. थोड्या वेळानं अप्पा मूठभर चिंचोके घेऊन बाहेर आले आणि जमिनीवर मांडू लागले. असा आमच्या लाइनीला दुसरा मॅनेजर मिळाला, तोही मोडक्या गुडघ्याचाच.

तो अजून आहे. गिरणी बंद पडून जमाना झाला, भोंगा ऐकलेली माणसं कमी उरली. रविवारी सकाळी अक्कलकोट रोड एमआयडीसीतली पोरं, टॉवेलच्या कारखान्यांत कामाला असलेली, मोटारसायकलींवरून येतात आणि व्यंकटी त्यांच्यावर ओरडतो. काठी टेकायला वापरतो, कुणाच्या पोटरीवर नाही. माझा नातू टीव्हीवर परदेशातले सामने बघतो, त्यातले कोट घातलेले मॅनेजर रेषेवर उभे राहून हातवारे करतात. चेंडू कुठं आहे ते मी बघतच नाही, त्यांची तोंडं बघते. गेल्या हिवाळ्यात मैदानाच्या कट्ट्यावर चहा पिताना मी व्यंकटीला ते सांगून टाकलं. म्हटलं, अप्पा त्या दिवशी वर्गात खोटं बोलले, ते हिडी म्हणाले होते. त्यानं बशीतला चहा संपवला.

"मला म्हाईत हाय, अक्का. मी रेषेवर हुतो. मला 'हिडी' ऐकू आलं हुतं."

मी कप खाली ठेवला. "मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर सिद्धू आत ग्येला असता की," तो म्हणाला, आणि उठून पोरांवर ओरडायला गेला.

त्याच्या कितीतरी वर्षं आधी, अप्पांच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यांची मराठी गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, नंतर शिकलेलं आधी जातं. उरली ती कानडी, तीही तुटक. अव्वा आधीच गेली होती. मी सुट्टीला बार्शीहून आले होते. दुपारची वेळ, सिद्धू ड्यूटीवरून येऊन दारात बूट काढत होता. त्याचेही केस पांढरे व्हायला लागले होते. अप्पा खाटेवरून उठायला गेले, मोडका गुडघा वळला आणि ते भिंतीवरून घसरू लागले. त्यांनी हात पुढं केला आणि सगळा जीव गोळा करून ओरडले, "हिडी! सिद्धू, हिडी!"

दारापर्यंत पोचला तो नुसताच आवाज होता, गळ्यातून घरघरत आलेला, पहिलं अक्षर धड लागलंही नव्हतं. बापाचा हात उगारल्यासारखा पुढं आलेला पाहून सिद्धूचा हात आधी स्वतःच्या तोंडावर गेला, लहानपणी जायचा तसा, कोपर वर करून. मग तो हात खाली आला. त्यानं काय म्हणालात असं विचारलं नाही. एका पायात बूट तसाच ठेवून तो धावला आणि त्यानं अप्पांना धरलं.